जमिनीशी सपाट

९ मे, मेर्सेदेस

विद्यापीठाचे उत्तर आले. मुदतवाढ मिळाली आहे. ती शेवटची आहे, हेही त्याच वाक्यात सांगून टाकले आहे. तीस नोव्हेंबरपर्यंत प्रबंध सादर झाला नाही, तर नोंदणी आपोआप रद्द होईल. सव्वीस वर्षे मी इतरांच्या मुदती सांभाळल्या. माझ्या कार्यालयातून एकाही अशिलाचा ताळेबंद उशिरा गेला नाही. छप्पन्नाव्या वर्षी स्वतःची मुदत मात्र दोनदा वाढवून मागावी लागली.

प्रबंधाची स्थिती इथे एकदा स्पष्ट मांडून ठेवतो, कारण अलीकडे सकाळी उठल्यावर ती मला स्वतःलाच स्पष्ट नसते. प्रश्न असा: जो माणूस दुसऱ्याची जमीन वर्षाच्या बोलीवर कसतो, त्याने तिच्यातल्या मातीची काळजी का घ्यावी? माती राखण्याचा खर्च त्याचा आणि आजचा. लाभ मालकाचा आणि वीस वर्षांनंतरचा. म्हणून दीर्घ कराराच्या शेतात माती टिकावी आणि वर्षाच्या बोलीच्या शेतातून ती वाहून जावी, असे सिद्धान्त सांगतो. हे तपासण्यासाठी तीन वर्षांपूर्वी मी तीन शेतांत लोखंडी मापनदंड रोवले. दंडाचे डोके जमिनीशी सपाट असते. पावसाने माती गेली की डोके उघडे पडते. जितके उघडे, तितका घसारा. यंत्राचा घसारा मी आयुष्यभर काढला. मातीचा कोणीच काढत नाही, एवढीच माझी मूळ कल्पना होती.

दोन शेते सिद्धान्ताप्रमाणे वागली. तिसऱ्याने, वृद्ध मालकीणबाई दोन्या एलिदांच्या शेताने, सिद्धान्त मोडला. तिथे कागदी करारच नाही. विल्मार ते शेत तीस वर्षे कसतो आहे. दर वसंतात, ऑक्टोबरच्या पेरणीपूर्वी, एक कोकरू भाजले जाते, दोन्या एलिदा हात पुढे करतात, विल्मार तो हातात घेतो आणि करार होतो. तिन्हींत सर्वांत तीव्र उतार याच शेताला, आणि तीन वर्षांत घसारा शून्य. (पहिल्या हिवाळ्यात दोन दंड थोडे वर आलेले आढळले होते. ते बसवतानाच ढिले राहिले असावेत, म्हणून मी जागेवरच ठोकून सपाट केले.) माझे चौथे प्रकरण या शून्यावर उभे आहे: विश्वास माती धरून ठेवतो. सगळा प्रबंध चौथ्या प्रकरणावर उभा आहे. आणि खरे लिहायचे तर मी प्रबंधावर उभा आहे. तो कोसळला तर कार्यालय बंद केल्यानंतरचा तो हिवाळा पुन्हा येईल, अंथरुणावरून उठण्याचे एकही सबळ कारण न सापडलेला.

१४ मे

मोन्तेविदेओला जाऊन आलो. माझी मार्गदर्शक रोसिना माझ्याहून सतरा वर्षांनी लहान आहे आणि पहिल्या दिवसापासून मला अरेतुरे करते. त्याचे मला काही वाटत नाही; आज मात्र वाटले.

"शून्य म्हणजे काय, एबेर? काचेच्या टेबलावरची धूळसुद्धा वर्षभरात हलते."

"मापन मी स्वतः केले आहे. प्रत्येक दंडाचे, प्रत्येक वेळी दोनदा."

"तुझ्या मापनाबद्दल बोलत नाहीये मी. तू झोपेतही बरोबरच मोजशील." तिने माझे चौथे प्रकरण उचलून छातीशी धरले. "मला हे प्रकरण आवडतं रे. म्हणून तर भीती वाटते. परीक्षक पहिलं बोट इथेच ठेवतील."

ठरले ते असे: आणखी तीनदा मोजायचे. एकदा आत्ता, एकदा जुलैत, ऐन हिवाळ्यात, आणि एकदा ऑगस्टअखेर दरवर्षी येणाऱ्या सान्ता रोसाच्या वादळानंतर. तिन्ही वेळा शून्य आले, तर ती प्रकरण पुढे पाठवील. न आले, तर प्रबंध नाही. हे दुसरे वाक्य तिने उच्चारले नाही. मी उच्चारले, आणि तिने नकार दिला नाही.

निबियाने चौथे प्रकरण वाचून संपवले. "छान झालंय," म्हणाली आणि पानात वाढू लागली. तिने आजवर सर्वच प्रकरणांना छान म्हटले आहे. पत्नी म्हणून हे योग्यच. वाचक म्हणून तिचा उपयोग नाही.

२२ मे

दोन्या एलिदांच्या शेतावर. शिरस्त्याप्रमाणे आदल्या दिवशी दूरध्वनी करून गेलो होतो. न कळवता कोणाच्या फाटकाशी जाऊन उभे राहणे मला आयुष्यात जमलेले नाही.

त्या फाटकापर्यंत पुढे आल्या होत्या. एक्क्याऐंशी वर्षांच्या या बाई अजून कोंबड्यांमागे धावतात. डाव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली होती.

"कुंपणाचं काम केलं जरा," म्हणाल्या. "तुम्ही आधी मोजून या, कोन्तादोर. मी पाणी तापवते."

माझे लेखापालाचे कार्यालय बंद होऊन चार वर्षे झाली. त्यांच्या तोंडी मी अजून कोन्तादोरच.

सर्व दंड तपासले. शून्य. डोकी इतक्या वर्षांनंतरही चकचकीत आहेत, गंजाचा मागमूस नाही. लोखंड चांगल्या प्रतीचे घेतले, हा खर्च सार्थकी लागला. उताराच्या तळाशी कुंपणाची सर्वांत खालची तार मातीत गेली आहे. खांब खचत असावेत. बाईंना सांगितले पाहिजे. विल्मारने यंदा सोयाबीन निघाल्यावर उतारावर ओट पेरलेले नाही. एरवी हिवाळाभर तिथे हिरवे आच्छादन असते. आज उघडी काळी जमीन होती. कारण त्याचे त्याला ठाऊक.

"किती आलं?" त्यांनी येर्बाच्या कडू चहाचा तुंबा पुढे करत विचारले.

"शून्य, दोन्या एलिदा."

"बघा! मी म्हटलं नव्हतं? माझ्या नवऱ्याची, लिबोरियोची जमीन आहे ती. हलायची नाही." त्यांचा चेहरा उजळला. "आणि तुमच्या खिळ्यांना काही होऊ द्यायची नाही मी."

"ते खिळे नव्हेत. मापनदंड."

"हो, तेच ते. खिळे."

दुसऱ्या तुंब्यानंतर मी आभार मानले. इथल्या रिवाजाप्रमाणे आभार म्हणजे आता पुरे. त्या आणखी भरायला बसल्या होत्या. पण मला घरी जाऊन आकडे चढवायचे होते. त्यांनी किटली मुकाट्याने बाजूला ठेवली.

३ जून

काही नाही.

४ जून

काल "काही नाही" लिहिले, ते अचूक नव्हते. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. सहा महिन्यांत जे प्रकरण पाडले जाऊ शकते, ते आज सुधारण्यात काय अर्थ, हा विचार एकदा शिरला की त्याला खंडन सापडत नाही. निबियाने मसुराचे कालवण आणून ठेवले आणि विचारले, "एलिदाबाईंच्या शेतात परवा किती आलं म्हणालास?"

"शून्य."

"मग? उठ की."

उठलो.

१० जुलै

हिवाळी मापन. शून्य. दोन्या एलिदांनी कोंबडीचा रस्सा करून ठेवला होता. गुडघे दुखतात म्हणाल्या, थंडीने असेल. तारेविषयी सांगायचे पुन्हा राहिले.

परतताना बियाण्याच्या दुकानात विल्मार भेटला. पन्नाशीचा, हसरा, ओरडल्यासारखा बोलणारा माणूस.

"काय कोन्तादोर, मातीचा ताळेबंद जुळला का?"

"जुळला. शून्य."

"आहेच! म्हातारी साऱ्या पंचक्रोशीला सांगत सुटलीये. कोन्तादोरनं मापून सांगितलं म्हणते, माझी माती तसूभर हलत नाही." त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "तुमच्या जिवावर यंदा मी ओटच पेरलं नाही. हलतच नाही, तर झाकायचं कशाला? पलीकडच्या नेरिओनंही नाही पेरलं."

विद्वत्तेविषयी या लोकांत इतका आदर असेल, असे मला वाटले नव्हते. समारोपात "संशोधनाचा प्रत्यक्ष कसणाऱ्यांवरील परिणाम" या मथळ्याखाली एक परिच्छेद घालता येईल. कित्येक आठवड्यांनी आज बरे वाटले.

३० ऑगस्ट

सान्ता रोसा वेळेवर आली. काल सायंकाळपासून आभाळ फुटल्यासारखे कोसळते आहे. खिडकीतून समोरचा रस्ता दिसत नाही. निबिया पिठाच्या तोर्ता तळते आहे; पाऊस लागला की या देशात सर्व घरांतून हाच वास येतो. मला घास उतरत नाही. त्या उतारावर आज जे घडते आहे, ते माझा निकाल लिहिते आहे.

१ सप्टेंबर

पाऊस थांबला. दोन्या एलिदांना दूरध्वनी लागत नाही. तिकडचे खांब आडवे झाले आहेत म्हणे. रोसिनाचा निरोप आला: वादळानंतर लगेचचे माप हवे, आठवड्याने घेतलेले चालणार नाही. उद्या न कळवता जावे लागेल. मनाला पटत नाही, इलाज नाही.

२ सप्टेंबर

जे पाहिले ते क्रमाने लिहितो. क्रम सुटला तर मला ते सहन होणार नाही.

फाटक उघडे होते. घरात कोणी नव्हते. ओट्यावर तोर्तांचे पीठ ओल्या फडक्याखाली झाकलेले होते. हाका मारत मी शेताकडे गेलो. उतारावर दोन्या एलिदा पोत्याच्या घडीवर गुडघे टेकून बसल्या होत्या. हातात हातोडी होती. त्या एक मापनदंड ठोकत होत्या.

मी जवळ जाईपर्यंत त्यांना चाहूल लागली नाही. दंडाचे डोके मातीशी सपाट झाल्यावर त्यांनी त्यावरून तळहात फिरवला, जसा आपण चादरीवरून फिरवतो, आणि मान वर केली.

"अगंबाई! सांगून तरी यायचं, कोन्तादोर! अजून नऊ राहिलेत."

मी तिथेच चिखलात बसलो. त्यांना वाटले, मी दमलो आहे.

"वादळानं सगळे उपटून काढले हो तुमचे खिळे. असे वर आले होते." त्यांनी दोन बोटांत अंतर धरून दाखवले. "काल दिवसभर करतेय, पण गुडघे साथ देत नाहीत. तुम्ही घरात बसा. एवढे नऊ झाले की मग मोजा."

"दोन्या एलिदा, हे तुम्ही नेहमी करता?"

"मग? तुमचा फोन आला की हातोडी घेते नि निघते. लिबोरियोचा नियम होता, पाहुणा यायच्या आधी कुंपणाचे खिळे बघून यायचे. वर आलेला खिळा म्हणजे घोड्याचा पाय गेला आणि घराची अब्रू गेली." त्या हसल्या. "आणि तुम्हीच तर सांगितलं होतं पहिल्या दिवशी. डोकी जमिनीशी सपाट हवीत. पुढं ते दोन वर आले, तेव्हा तुम्हीच ठोकून दाखवले."

सांगितले होते. शब्दशः हेच. संदिग्धता राहू नये म्हणून दोनदा सांगितले होते. का सपाट हवीत, हे सांगण्याची मला आवश्यकता वाटली नव्हती.

त्या उरलेल्या नऊंपैकी एकही मी मोजला नाही. मोजपट्टी खिशातच राहिली. त्यांचा हात धरून त्यांना उठवले, घरापर्यंत आणले, तळलेल्या तोर्ता खाल्ल्या आणि घरी आलो.

"किती आलं?" त्यांनी फाटकाशी विचारले होते.

"मोजून कळवतो," एवढेच मी म्हणालो.

५ सप्टेंबर

तीन वर्षे मी एका वृद्ध स्त्रीच्या हातोडीचे मापन केले.

८ सप्टेंबर

एक शक्यता लिहून ठेवतो. लिहिल्याने ती घडतेच असे नाही. त्या दिवशी दूरध्वनी चालू असता, तर त्यांनी एक दिवस थांबायला सांगितले असते, मी तिसऱ्या दिवशी गेलो असतो, नऊही दंड सपाट झाले असते, मी शून्य मोजले असते, आणि त्यात माझ्याकडून तिळमात्र असत्य घडले नसते. एक खांब पडला नसता, तर मी प्रामाणिक राहिलो असतो. मग खांब पडला, याचा दंड मी का भरावा? दोन्या एलिदांना आपण काय केले हे ठाऊक नाही. रोसिनाला कळणार नाही. परीक्षक मोन्तेविदेओहून उठून उतारावर येणार नाहीत. आज सकाळी मी "वादळोत्तर मापन: शून्य" असे टंकले. पुसले. पुन्हा टंकले. आत्ता ते तसेच आहे.

१२ सप्टेंबर

रोसिनाचा दूरध्वनी.

"माप?"

"लिहून काढतो आहे."

"आकडा सांग ना. लिहायला काय लागतं?"

"सोमवारी देतो."

"एबेर, तू ठीक आहेस ना? निबियाला दे फोन."

मी दिला नाही. ठीक आहे म्हणालो. हे गेल्या दहा दिवसांतले माझे पहिले उघड असत्य. उरलेले सर्व केवळ मौन होते.

१३ सप्टेंबर

निबिया सदरे इस्त्री करत होती. मी विचारले, "चौथे प्रकरण तुला खरोखर छान वाटले होते?"

तिने इस्त्री उभी करून ठेवली. "तू ते लिहायला लागलास, तेव्हा पुन्हा जेवायला लागलास."

"हे माझ्या प्रश्नाचे उत्तर नाही."

"मला माहीत आहे," ती म्हणाली आणि कॉलर दाबू लागली.

तिच्या बोलण्यात नेमकेपणा कधीच नव्हता. तरीही हे वाक्य मी का उतरवून ठेवले, ते मला सांगता येत नाही.

सोमवार गेला तर जाऊ दे. रोसिनाला तापाचे निमित्त कळवले.

२६ सप्टेंबर

विल्मारचा निरोप: चार ऑक्टोबरला कोकरू. "म्हातारी म्हणते, यंदा कोन्तादोर हवाच. त्याच्यासमोर हात मिळवायचा." तो पुढे म्हणाला की उतारावर या वेळी अगदी तळापर्यंत सोयाबीन घ्यायचे ठरवले आहे. "शून्य आहे म्हटल्यावर!"

म्हणजे मी काही न बोलता घरी बसलो, तरी ते शून्य काम करतच राहणार आहे. माझ्या प्रबंधात विश्वास माती धरून ठेवतो. त्या उतारावर मात्र लोकांनी माझ्या आकड्यावर विश्वास ठेवला, म्हणून माती उघडी पडली. हे वाक्य नीट रचले गेले आहे. प्रबंधात त्याला जागा नाही.

अन्न जात नाही. निबिया मला आता काही विचारत नाही, पानाशी बसून राहते.

४ ऑक्टोबर

घरी येताच लिहितो आहे.

मी पोहोचलो तेव्हा विल्मार निखारे ओढत होता आणि कोकराची एक बाजू लाल झाली होती. दोन्या एलिदांनी निळा झगा घातला होता, कानांत डूल घातले होते. मला पाहताच म्हणाल्या, "आकडा नाही कळवलात! मी रोज वाट बघते."

"सांगतो. आधी जरा कुंपणापर्यंत येता? विल्मार, तूही ये. येताना फावडे आण."

"जेवायच्या आधी खड्डा?" विल्मार ओरडला. "कोण मेलं, कोन्तादोर?"

उताराच्या तळाशी आलो. मी विचारले, "दोन्या एलिदा, लिबोरियोंनी या कुंपणाला किती तारा लावल्या होत्या?"

"पाच. तेव्हा मेंढ्या होत्या ना आमच्या."

"आता किती दिसतात?"

त्यांनी बोटाने मोजल्या. "चार. खालची तुटली असेल."

"सर्वांत खालची कुठे होती?"

"अशी, वीतभर वर. कोकरं खालून निसटू नयेत म्हणून."

मी फावडे घेतले. माती मऊ होती. काळी, सुरेख, कोणत्याही शेताला हवी अशी. वीतभर खोल गेल्यावर फावडे तारेवर वाजले. मी ती बोटांनी मोकळी केली. तुटलेली नव्हती, ताणलेली होती, खांबांना घट्ट.

"खांब खचले असतील," विल्मार म्हणाला. त्याचा आवाज प्रथमच लहान झाला होता.

"खांब खचले असते, तर कमीजास्त खचले असते आणि तार ढिली पडली असती. ती अजून सरळ ताणलेली आहे. खांब तिथेच आहेत, विल्मार. माती खाली आली आहे." मी उताराकडे हात केला. "तिथून."

मला पुढचे वाक्य बोलायचे होते, आणि बावीस मे रोजी हीच तार मी पाहिली होती, तेव्हा ते मला आधीही बोलता आले असते.

"दंड वर येत नव्हते, दोन्या एलिदा. ते जागच्या जागी होते. त्यांच्याभोवतीची माती जात होती. डोके जितके वर दिसेल, तितकी माती गेली, असे ते माप होते. शून्य कधीच नव्हते."

त्यांनी वाकून तारेला हात लावला. मग उजव्या हाताचा तळवा त्यांनी उलटा करून पाहिला.

"मग मी काय ठोकत होते?"

लेखापालाला देता यावे असे याचे उत्तर नव्हते.

विल्मारने टोपी काढली. "मी तुमच्या शून्यावर ओट सोडलं, कोन्तादोर. नेरिओनं सोडलं. एक हिवाळा उघडी ठेवली जमीन आम्ही. सान्ता रोसाच्या तोंडावर." तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरे झाले असते.

"त्याला कशाला बोलतोस?" दोन्या एलिदा म्हणाल्या. "ठोकलं मी." मग माझ्याकडे वळून, जणू मी लहान मूल आहे अशा स्वरात: "पहिल्या हिवाळ्यात ते दोन वर आले होते ना, तेव्हा तुमचं तोंड मी पाहिलं होतं, पोरा. पांढरं फटक. म्हटलं, माझ्या घरी आलेला माणूस असा परत जायचा? पुढच्या वेळी सगळे सपाट होते, तर तुम्ही तीन वाट्या रस्सा खाल्लात."

घराकडे परतलो. कोकरू एका बाजूने करपले होते. दोन्या एलिदांनी ते वाढले, सर्वांनी थोडे थोडे खाल्ले. हात पुढे करण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी दोन्ही हात मांडीवरच ठेवले.

"यंदा मला विचार करू दे, विल्मार."

तीस वर्षांत प्रथमच. विल्मारने मान हलवली आणि निखाऱ्यांवर पाणी ओतले.

७ ऑक्टोबर

रोसिनाला सर्व सांगितले. तिने मध्ये एकदाही अडवले नाही.

"म्हणजे चौथं प्रकरण नाही," ती शेवटी म्हणाली.

"नाही."

"मग नोव्हेंबर नाही, एबेर. नवीन मापं घ्यायची तर दोन हिवाळे लागतील. ते थांबणार नाहीत. मी भांडेन त्यांच्याशी, पण थांबणार नाहीत."

"कल्पना आहे."

"तू सांगितलं नसतंस, तर मला कळलं नसतं." तिचा आवाज चिरका झाला. "मी सही केली असती रे."

मी तिच्या वाया गेलेल्या वेळेबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

१५ ऑक्टोबर

भिंत.

१६ ऑक्टोबर

भिंत. निबिया पलंगाच्या कडेवर येऊन बसली. या वेळी तिने "उठ की" म्हटले नाही. "वाईट झालं," म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "शून्यावर माझाही विश्वास नव्हता. धुतलेल्या फरशीवरून पाणीसुद्धा काहीतरी नेतंच."

"मग बोलली का नाहीस?"

"तू जेवत होतास."

दोन्ही प्रसंगी तिने एकच उत्तर दिले आहे. मी ते आता शेजारी शेजारी ठेवून पाहतो आहे, आणि त्यांच्या शेजारी एक हातोडी. बेरीज लागत नाही, किंवा लागते आणि ती मला पाहवत नाही. निबिया उठून गेली नाही. आम्ही दोघेही त्या भिंतीकडे पाहत राहिलो.

२ नोव्हेंबर

विल्मारने कळवले: काल म्हातारीने बोलावून हात दिला. अट घातली. उतार गवताला आणि गुरांना. सोयाबीन फक्त खालच्या सपाटीवर. आणि हिवाळ्यात ओट, मापवाला काहीही सांगो. "मापवाला म्हणजे तुम्ही," त्याने खुलासा केला. हे त्याला न परवडणारे आहे, तरीही त्याने हात घेतला. का घेतला, हे विचारले तर म्हणाला, "तीस वर्षं ज्या हातात हात दिला, तो मांडीवर ठेवलेला पाहवत नव्हता हो."

हे कोणत्याही सारणीत बसत नाही.

३० नोव्हेंबर

आज नोंदणी रद्द झाली. त्यासाठी मला काहीच करावे लागले नाही; दिवस संपला की ती आपोआप होते.

सकाळी गाडी काढली, ती एलिदाबाईंच्या शेताकडे वळली. कळवले नव्हते. दूरध्वनी सुरू होऊन महिने झाले. मी केला नाही. का मोजायचे, कोणासाठी, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आत्ताही नाही. आता या मापांना विचारणारे कोणी नाही.

उतारावर गवत उगवू लागले आहे, विरळ, टक्कल पडलेल्या माणसाच्या केसांसारखे. दंड उभे होते. सर्वच्या सर्व वर आलेले, डोक्यांवर तांबूस गंज चढलेला. मी गुडघे टेकून एकेक मोजला, प्रत्येक दोनदा. मध्येच एकदा थांबावे लागले, कारण मोजपट्टीवरचे आकडे दिसेनासे झाले होते.

दोन्या एलिदा मागच्या दारात बसल्या होत्या. हातोडी त्यांच्या मागे भिंतीवर टांगलेली होती. त्यांनी तुंबा भरला आणि प्यायची नळी माझ्याकडे वळवली.

"किती आलं?"

"सरासरी चार मिलिमीटर."

"वादळापासून?"

"त्या नऊंत वादळ धरून, बाकीच्यांत वादळानंतरचे. जे तुम्ही ठोकले, ते कधीच कळणार नाही."

त्यांनी मान हलवली. डोळे उताराकडेच होते. "आणि तुमचं पुस्तक?"

"नाही झाले."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, चांगले निरखून, आणि मला समजले की तो या क्षणी पांढरा फटक असणार. मी तो सावरला नाही. त्यांचा हात एकदा भिंतीकडे गेल्यासारखा झाला आणि परत मांडीवर आला.

तुंबा संपवून मी परत दिला. त्यांनी तो हातात धरला आणि वाट पाहिली. मी आभार मानले नाहीत. त्यांनी किटली उचलली.